चिऊ घरात, मावशी बाहेर

माझी रजा संपली तेव्हा चिऊ दहा महिन्यांची होती. घर कोथरूडला, माझं ऑफिस हिंजवडीला, नवऱ्याचं पिंपरीला. दोन्हीकडचे आजी-आजोबा गावी. आमच्याच गल्लीतल्या एक मावशी तिला सांभाळायला यायला लागल्या. स्वतःची मुलं, नातवंडं वाढवलेली बाई. चिऊ त्यांच्याकडे पहिल्या आठवड्यातच रुळली. जेवणाच्या, झोपेच्या वेळा मी त्यांना समजावल्या आणि फ्रिजवर आम्हा दोघांचे नंबर लावून ठेवले.

पावसाळ्याच्या तोंडावर, वारा सुटला होता तेव्हाची गोष्ट. मावशी कचऱ्याची बादली दाराबाहेर ठेवायला गेल्या. दोन पावलांचं काम. वाऱ्याने दार आपटलं आणि लॅच लागलं. त्यांचा फोन आत, किल्ली आत, गॅसवर दूध आणि चिऊ आत.

समोरच्या काकू घरी होत्या म्हणून निभावलं. त्यांनी आधी माझ्या नवऱ्याला फोन लावला. त्याला पोचायला तास तरी लागणार होता. काकू म्हणाल्या, अग्निशमन दलाला बोलावू. मावशी म्हणाल्या, "ताईंना विचारल्याशिवाय नको, ते दार तोडतील." त्यात थोडा वेळ गेला. शेवटी काकूंनीच १०१ फिरवला.

तोवर मावशी दारापाशी फरशीवर बसून होत्या. बांगड्या दारावर वाजवायच्या, खालच्या फटीतून बोटं आत घालून हलवायच्या आणि सारखं बोलत राहायच्या. चिऊ रडत रांगत दारापाशी आली आणि ती बोटं पकडून बसली. म्हणून ती स्वयंपाकघराकडे गेली नाही. काकूंनी हे नंतर सांगितलं तेव्हा मला ते धड ऐकवलं नाही.

जवान वरच्या मजल्यावरून दोर लावून आमच्या बाल्कनीत उतरले आणि त्यांनी दार आतून उघडलं. दूध उतू जाऊन गॅस विझला होता, वास येत होता. त्यांनी बटण आणि रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या. दिवा, पंखा, बेल, कशालाही हात लावू दिला नाही. गॅसचा वास असताना दिवा लावायचा नाही हे मला माहीत होतं. लागलेला दिवा बंदही करायचा नाही, हे तेव्हा कळलं. ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते.

संध्याकाळी मावशी म्हणाल्या, "दार तोडलं असतं तर खर्च किती आला असता, ताई? मला वाटलं तुम्ही रागवाल." माझ्या डोक्यात ते वाक्य अडकून बसलं. इतक्या जाणत्या बाईचा हात अडला तो फक्त आमच्या भीतीने.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं बसलो. सगळ्यात आधी एकच सांगितलं : आधी करायचं ते करा, मग आम्हाला फोन. दार तुटलं, रिक्षाला पैसे गेले, उगाच दवाखान्यात नेलं, तरी कुणी काही बोलणार नाही. तेव्हापासून एक किल्ली काकूंकडे असते, एक मावशींच्या कमरेच्या पिशवीत, मोबाइलसोबत. कपाटातल्या डब्यात थोडे पैसे आणि चिऊची लसीकरणाची फाइल. फ्रिजवर मोठ्या अक्षरात ११२, १०८, काकूंचा नंबर आणि आमचा पूर्ण पत्ता, जवळच्या देवळाच्या खुणेसकट. पत्ता आम्ही मावशींकडून मोठ्याने म्हणवून घेतला. घाईत स्वतःचाही पत्ता सुचत नाही.

बाकीचं बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन शिकलो. मावशींना सोबत नेलं हे फार बरं झालं. मी सांगितलं असतं तर ती सूनबाईची शिकवण वाटली असती. डॉक्टरांचं त्यांनी मनापासून ऐकलं. भाजलं तर नळाचं वाहतं पाणी वीस मिनिटं. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही. फिनेल प्यायली तर उलटी करवायची नाही, बाटली घेऊन थेट दवाखाना. घशात काही अडकून श्वास कोंडला तर काय करायचं, ते डॉक्टरांनी बाहुलीवर करून घेतलं. वर्षाच्या आतल्या बाळाला मांडीवर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून, पाठीवर पाच थापा. घशात आंधळेपणाने बोट घालायचं नाही. तापाच्या औषधाचे ड्रॉप्स सिरपपेक्षा पुष्कळ तीव्र असतात, म्हणून घरात एकच बाटली ठेवली आणि चिऊच्या वजनाप्रमाणे सिरिंजवर मार्करने रेघ मारून घेतली.

झटक्याचा विषय निघाला तेव्हा मावशी म्हणाल्या, आमच्याकडे कांदा हुंगवतात. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, तेवढ्या वेळात तिला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर १०८. आधी थांबलं तरी दवाखान्यात आणायचंच.

चिऊ दीड वर्षाची असताना एकदा दुपारी ताप एकदम चढला आणि तिला झटका आला. मला फोन आला तेव्हा मावशी आणि काकू रिक्षात होत्या. "ताई, झटका दोन मिनिटांत थांबला, आता डोळे उघडलेत, दवाखान्यात चाललोय." मी पोचले तेव्हा तिला तपासून झालं होतं. तापामुळे आलेला झटका, घाबरण्यासारखं नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझे हात बराच वेळ थरथरत होते. मावशींनी मला पाणी दिलं आणि झटका किती वाजता आला ते डॉक्टरांना पुन्हा एकदा सांगितलं.

आता चिऊचा हात कडीपर्यंत पोचतो. बाथरूमची आतली कडी आम्ही काढून टाकली आहे. बेडरूमची काढायला सुतार शनिवारी येतोय.