लग्न नाही, मयत नाही, तरी प्रवास

आपल्या घरांत प्रवासाला कारण लागते. लग्न, मयत, दवाखाना, मुलांचा प्रवेश, यांपैकी एक असेल तरच बॅग भरली जाते. नवरा-बायकोने दोघांनीच कुठे जायचे, हे लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच संपते. पुढे मुले होतात, सासू-सासरे थकतात, शाळा आणि दुकान सुटत नाही. मागच्या दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघे काही दिवस हैदराबादला जायला निघालो, तेव्हा पांढरकवड्यात आमच्या मोहल्ल्यातल्या तिघींनी मला एकच प्रश्न विचारला, "तिकडे कोणी आजारी आहे का?" नाही म्हटले, तर चौथी म्हणाली, "मग मुलीसाठी स्थळ पाहायला चाललात वाटते!"

हैदराबादला माझी खाला राहते. आमच्याकडच्या अनेक मुस्लिम घरांची सोयरीक आदिलाबाद, नांदेड, हैदराबादकडे आहे, आणि ते नवल नाही. वऱ्हाड निजामाचेच होते. 1853च्या तहाने ते इंग्रजांच्या कारभारात गेले आणि 1902 मध्ये कायमच्या पट्ट्याने त्यांना मिळाले, तरी नावाची मालकी निजामाचीच राहिली. पैनगंगेवर राज्याची सीमा आली, पण नात्यांनी ती कधी फारशी मानली नाही. खाला लग्न होऊन गेली त्याला 38 वर्षे झाली. तीन वर्षांपूर्वी खालू वारले, तेव्हा आम्ही सकाळी पोहोचलो आणि रात्रीच्या बसने परतलो. मुलगा-सून जेद्दाहला. मलकपेटच्या त्या घरात ती एकटीच असते.

प्रश्न होता मुक्कामाचा. दोघांना थोडा वेळ हवा होता आणि खालालाही भेटायचे होते. खालाच्या घरी उतरलो असतो तर ती गुडघे धरून स्वयंपाकघरात उभी राहिली असती आणि मी तिच्या मदतीला. लॉजवर उतरलो असतो तर "घर असताना लॉज?" हे वाक्य पुढची दहा वर्षे खानदानात फिरले असते. शेवटी ह्यांनीच मार्ग काढला. म्हणाले, "लपवायचे कशाला? फोन करून सरळ सांग." मी सांगितले, पहिल्या दोन रात्री आम्ही लॉजवर, पुढच्या दोन तुझ्याकडे. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग खाला म्हणाली, "हौ बेटा, दो दिन तुम्हारे, दो दिन मेरे. मगर मेरे दिनांमें बाजार नक्को."

सासूबाईंनी मुलांची जबाबदारी घेतली. "एवढ्या पैशात उमऱ्यासाठी काही शिल्लक पडली असती," असे त्या म्हणाल्या खऱ्या; पण निघताना डब्यात रोट्या-भाजी त्यांनीच भरून दिली. एका हदीसचा आशय मला इथे आठवतो. एका प्रवासात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सोबत्यांना पुढे जायला सांगितले आणि हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली. त्या जिंकल्या. पुढे काही वर्षांनी पुन्हा शर्यत झाली तेव्हा आपण जिंकलो आणि ती मागची फेड झाली, असे ते गमतीने म्हणाले. आपण ही हदीस मुलांना कौतुकाने सांगतो. त्यातले "सोबत्यांना पुढे जायला सांगितले" हे मात्र आपल्या घरांत कोणी मनावर घेत नाही.

साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, म्हणून नमाज कसर. हनफी मतानुसार साधारण 77-78 किलोमीटरच्या पुढचा प्रवास आणि पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर जुहर, असर आणि इशाच्या चार रकात फर्जऐवजी दोन होतात. फजर आणि मगरिब तशाच. मात्र स्थानिक इमामामागे पूर्ण चार पढाव्या लागतात. त्यामुळे मक्का मशिदीत ह्यांच्या चार झाल्या आणि लॉजवर माझ्या दोन. "अल्लाहने सुटी तुलाच दिली," असे हे म्हणाले.

रविवारी गोवळकोंडा. खाली फतेह दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवली की वर बालाहिसारला ऐकू येते, हे वर्गात शिकवले होते. आता कानांनी ऐकले. चढताना अर्ध्यावर दम लागला म्हणून दगडावर बसलो. तिथे ह्यांनी दुकानाचे काढले. आमचे कृषी केंद्र आहे. बी-बियाणे आणि खतांची उधारी कापसाच्या पैशावर फिटते, आणि लागोपाठ तीन हंगाम कापसाने दगा दिला. रक्कम ऐकून मी गप्प झाले. हे रात्री का उठून बसतात, ते मला त्या पायरीवर कळले. घरी असे बोलायला जागाच नसते. एका खोलीत मुले, दुसरीत सासूबाई, आणि भिंतीला कान. तिथे कोणी ओळखीचे नव्हते. आम्ही तासभर बसलो. मुलीच्या बारावीचा आणि पुढचा खर्च माझ्या पगारातून. जुनी उधारी निम्मी फिटल्याशिवाय नवी द्यायची नाही. शेतकऱ्याच्या दारात तगादा करायचा नाही. एवढे तीन निर्णय घेऊन वर गेलो. संध्याकाळी चारमिनार पाहिला. मुहम्मद कुली कुतुबशहाने शहर वसवताना 1591 मध्ये बांधलेला. त्या बादशहाचा दखनी उर्दूतला काव्यसंग्रह मी डीएडला अभ्यासला होता. लाड बाजारात मुलीसाठी बांगड्या घेतल्या आणि इराणी चहा प्यालो.

सोमवारी खालाकडे. तुरीची डाळ, ज्वारीचे पीठ आणि वाळवलेली अंबाडी नेली होती. अंबाडी पाहून ती हसली, "इसको यहाँ गोंगुरा बोलते." पण तिने ती केली आमच्या पद्धतीने, ज्वारीच्या कण्या घालून. ती चव तिच्या अम्मीच्या हातची. जेवताना ती माणसांची नावे घेत राहिली. कोण गेले, कोण आहे. मयतीच्या दिवशी यातले एकही बोलणे झाले नव्हते.

मंगळवारी मी तिला विचारले, सालारजंग म्युझियम पाहिलेस का? तिच्या घरापासून ते तीन-चार किलोमीटरवर. म्हणाली, "पाहुणे आले की तुझे खालू त्यांना घेऊन जायचे. मी घरी बिर्याणी करायची." आम्ही तिला रिक्षात बसवून नेले. 1951 मध्ये सुरू झालेले हे म्युझियम शुक्रवारी बंद असते, बाकी दिवस गर्दी. दुपारी बाराच्या आधी आम्ही त्या प्रसिद्ध घड्याळासमोर जाऊन बसलो. दर तासाला आतून एक छोटा माणूस बाहेर येतो आणि घंटेवर टोले देतो. बाराला बारा टोले. खाला मोठ्याने मोजत होती. शेवटच्या टोल्याला तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तुझ्या खालूंनी हे मला कधी सांगितलेच नाही गं."

नाती जोडण्याने रोजीत बरकत आणि आयुष्यात वाढ होते, असे हदीसमध्ये आले आहे. आपण ते दुःखाच्या दिवसांपुरते पाळतो. सुखात, बिनकामाचे जाणेही त्यातच येते.

बस, लॉज, तिकिटे, खाणे, बांगड्या धरून आमचा खर्च दहा हजारांच्या आत राहिला. घरच्या एका लग्नात आम्ही आहेराला याहून जास्त घालतो. ज्यांना जायचे असेल त्यांनी मुक्कामाचे आधी सांगावे, यजमानाला स्वयंपाकात अडकवू नये आणि घरातल्या वडीलधाऱ्याला बाहेर न्यावे. दोघांचा दिवस मात्र दोघांचाच ठेवावा.

मे महिन्यात धाकटे दीर आणि जाऊबाई औरंगाबादला नणंदेकडे जाणार आहेत. त्यांची तिन्ही मुले आमच्याकडे राहतील, सासूबाईंनी तसे जाहीर केले आहे. मोहल्ल्यात विचारणा सुरू झाली आहे, "तिकडे कोणी आजारी आहे का?"