पाचावरचे टिंब

वाचकहो, आपल्या घरी कळांचा जुना मोबाइल अडगळीत पडला असेल, तर तो हाती घेऊन त्यावरील ५ या आकड्यावरून हलकेच बोट फिरवून पाहावे. तेथे खसखशीच्या दाण्याएवढा एक उंचवटा बोटास लागेल. एटीएमच्या आकड्यांतील पाचावर तो असतो. संगणकाच्या कळफलकावर एफ आणि जे या अक्षरांखाली तशीच एक बारीक रेघ असते. आपल्यापैकी पुष्कळांनी या वस्तू वर्षानुवर्षे हाताळल्या असतील आणि ते टिंब कशासाठी हा प्रश्न मनातही आला नसेल. बोटाला पाच सापडला की वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा, असे सारे आकडे आपोआप जागेवर येतात. दृष्टिहीन मनुष्यास त्या एका टिंबाने संपूर्ण यंत्र खुले होते, आणि डोळस मनुष्याची त्यामुळे काडीचीही अडचण होत नाही.

या टिंबाकडे माझे लक्ष वेधले ते चाकसूच्या एका दुकानदाराने.

चाकसू हे जयपूरच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर, टोंककडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील तहसिलीचे गाव. तेथील ‘शील की डूंगरी’ या टेकडीवर शीतलामातेचे देऊळ आहे. चैत्र वद्य अष्टमीस तेथे मोठी जत्रा भरते. आपल्या मराठी पंचांगात तीच तिथी फाल्गुन वद्य अष्टमी म्हणून येते. महिन्याचे नाव बदलते, दिवस तोच. त्या दिवशी चूल पेटवावयाची नाही, आदल्या दिवशी रांधलेले शिळे अन्न देवीस दाखवून तेच सर्वांनी खावयाचे, असा रिवाज आहे. आमच्या कचेरीत हिंदी आवृत्तीचे काम पाहणाऱ्या एका भगिनींचे माहेर तेथे आहे. थंड राबडी आणि पुए खावयास त्यांनी मला आग्रहाने नेले.

शीतला ही देवीच्या रोगाची देवता. हिंदीभाषक लोक त्या रोगास ‘माता’ म्हणत. आपण तर सरळ ‘देवी’च म्हणतो, आणि लस टोचण्यास ‘देवी काढणे’ म्हणतो. भाषांतराचे काम करणाऱ्यास असे शब्द थांबवून ठेवतात. रोगास देवतेचे नाव देण्यामागे केवढी भीती असेल याची आज कल्पना येणे कठीण. या रोगात पुष्कळांचे प्राण जात आणि जे वाचत त्यांतील कित्येकांच्या बुबुळांवर व्रण पडून दृष्टी जाई. ‘डोळ्यांत फूल पडले’ असे जुनी माणसे म्हणत. भारतात या रोगाचा अखेरचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. रोग गेला; त्याने दृष्टी नेलेली माणसे मात्र अद्याप आपल्यात आहेत, आणि त्यांतील धाकटी आता कुठे पन्नाशी ओलांडून गेली आहेत.

ते दुकानदार अशांपैकीच एक. वय साठीच्या पुढचे. चार वर्षांचे असताना दृष्टी गेली. बाजारात त्यांचे सुतळी, मुंजीचे दोर आणि केरसुण्यांचे छोटे दुकान आहे. शीतलामातेच्या हाती केरसुणी असते, तेव्हा जत्रेत खप बरा होतो, असे ते हसत म्हणाले. मी दोन केरसुण्या घेतल्या आणि २०० रुपयांची नोट दिली. त्यांनी ती बोटांभोवती एकदा गुंडाळून पाहिली, पुन्हा उलगडून कडेवरून अंगठा फिरवला, आणि शेजारच्या दुकानातील मुलास हाक मारून ती दाखविली. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, “बाईसा, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यावर संशय नाही. माझ्या बोटांवरच राहिला नाही भरवसा.”

हे बोटांचे गाऱ्हाणे समजून घेण्यासारखे आहे. १९९६ पासूनच्या मालिकेतील जुन्या नोटांत पन्नासाची नोट १४७ मिलिमीटर लांब, शंभराची १५७ आणि पाचशेची १६७ असे. पायरी पायरीने दहा मिलिमीटरचा फरक. सरावाचे बोट तो सहज ओळखी. २०१६ साली आलेल्या पाचशेच्या नव्या नोटेची लांबी १५० मिलिमीटर झाली. २०१७ च्या दोनशेची १४६ आणि २०१८ च्या शंभराची १४२. म्हणजे या तीन नोटांत पायरी चारच मिलिमीटरची उरली. नोटेच्या कडांवर तिरप्या उठावाच्या रेघा आहेत, शंभरावर त्रिकोण व पाचशेवर वर्तुळ आहे, हे खरे. परंतु घामट हातांतून शेकडो वेळा फिरलेल्या नोटेवरील उठाव किती दिवस टिकणार? मुंबईच्या राष्ट्रीय अंधजन संघाने, म्हणजे ‘नॅब’ने, नोटा व नाण्यांचा हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे नेला होता. नाण्यांच्या बाबतीत २०१९ साली काही सुधारणा झाली: त्या वर्षीच्या मालिकेत मूल्य वाढेल तसा आकार व वजन वाढत जाते, आणि वीस रुपयांचे नाणे बारा कडांचे आहे. नोटांसाठी रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये ‘मणी’ नावाचे अॅप काढले. स्मार्टफोनच्या कॅमेऱ्यापुढे नोट धरली की तो तिचे मूल्य बोलून सांगतो. इंटरनेट लागत नाही. नोट अर्धी दुमडलेली असली तरी चालते. आरंभी ते हिंदी व इंग्रजीतच बोले. पुढे मराठीसह आणखी अकरा भाषांची त्यात भर पडली. नोट खरी की खोटी हे मात्र ते सांगत नाही.

दुकानदारांना मी हे सांगू लागले तेव्हा ते म्हणाले की, पुतण्याच्या फोनवर ते पाहिले आहे. परंतु गिऱ्हाईक उभे असताना प्रत्येक नोटेसाठी फोन काढणे, नोट धरणे, वाट पाहणे, हे त्यांस नकोसे होते. त्यांच्या खिशात कळांचा फोन होता. पाचावरचे टिंब त्यांनी मला त्यावर दाखविले, एखादी वडिलोपार्जित वस्तू दाखवावी तसे. दुकानाच्या फळीवर मात्र एक नवी वस्तू होती, आणि तिच्यावर ते बेहद्द खूष होते: गिऱ्हाइकाने फोनवरून पैसे भरताच “सत्तर रुपये मिळाले” असे मोठ्याने सांगणारी बोलकी पेटी. ही पेटी कोणी अंधांसाठी म्हणून काढलेली नाही. गर्दीच्या वेळी दुकानदारास फोन पाहण्यास सवड नसते, म्हणून ती निघाली. पण दृष्टिहीन व्यापाऱ्याच्या हाती तिने जे दिले ते खास त्यांच्यासाठी बनविलेल्या कितीतरी उपकरणांनी दिले नसेल.

“आलेले पैसे मला कळतात,” ते म्हणाले, “काढायचे असले की अडते.” जवळच्या एका बँकेच्या यंत्रात इअरफोन लावण्याचे भोक होते; लावून पाहिले, आवाज नाही. तेव्हापासून यंत्राचा गुप्त आकडा पुतण्याजवळ आहे. मी विचारले, “काकोसा, पुतण्या भला आहे ना?” थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “भला आहे. पण मी त्याच्यावर विश्वास ठेवतो, की मला ठेवावाच लागतो, हे आता त्यालाही कळत नाही आणि मलाही नाही.”

वाचकहो, दृष्टिहीनांच्या सोयीचा विषय निघाला की आपण मदतीची गोष्ट करू लागतो. या वाक्याने मला वेगळ्याच जागी नेऊन उभे केले. आपली पासबुके, आपली पत्रे, औषधाच्या बाटलीवरील नाव, हे सारे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागणे, यात वाचणारा कितीही सज्जन असला तरी मनुष्याचे एक खासगीपण कायमचे गहाण पडते. रिझर्व्ह बँकेने १ जुलै २०१४ पासून नवी एटीएम बोलकी व ब्रेल कळांची असावीत असे बँकांना बजावले आहे, ते यासाठीच. भारतातील असे पहिले यंत्र २०१२ साली अहमदाबादेत बसले. पण यंत्र बसविणे आणि त्याचा आवाज चालू ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचे उद्घाटन होत नसते.

घरातील वस्तूंचेही असेच. आपल्या स्वयंपाकघरातील सर्वांत बोलके यंत्र प्रेशर कुकर होय. तीन शिट्ट्या मोजावयास डोळे लागत नाहीत. पंख्याचा जुना रेग्युलेटर कटकट असा पाच वेळा फिरतो आणि हाताला गती सांगतो. गॅसच्या शेगडीचे बटण दाबून डावीकडे वळवावयाचे असते, ते अंधारातही जमते. हे गुण कोणी मुद्दाम योजून आणले नव्हते, आणि म्हणूनच ते जाताना कोणाच्या लक्षात आले नाही. आज बाजारात येणाऱ्या पुष्कळशा धुलाईयंत्रांचा, विजेच्या शेगड्यांचा, मायक्रोवेव्हचा दर्शनी भाग म्हणजे एक सपाट गुळगुळीत काच. दिसावयास सुबक, पुसावयास सोपी. बोटाला मात्र सारे एकच. स्पर्श होताच काम सुरू होते, त्यामुळे चाचपून पाहण्याचीही सोय नाही.

काच बोलकी होऊ शकते, हे स्मार्टफोनने दाखवून दिले आहे. २००९ पासून अँड्रॉइड व आयफोन या दोन्ही जातींच्या फोनांत पडदा वाचून दाखविणारी सोय आहे. बोट काचेवरून फिरवावे, खाली जे असेल त्याचे नाव ऐकू येते. हवे ते सापडले की दोनदा टिचकी मारावयाची. संगणकासाठी २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन व जेम्स टे या दोघा दृष्टिहीन तरुणांनी ‘एनव्हीडीए’ हे वाचक-साधन तयार करण्यास घेतले आणि ते जगास फुकट दिले. परंतु फोन बोलतो तो समोर जे लिहून ठेवले आहे तेवढेच. चित्राच्या बटणास कर्त्याने नावच दिले नसेल, तर फोन बिचारा “बटण” एवढेच म्हणतो. पैसे पाठवावयाचे की रद्द करावयाचे, हे ऐकणाऱ्याने ताडावे!

यातला सर्वांत विलक्षण प्रकार सर्वोच्च न्यायालयापुढे आला. बँकेत घरबसल्या खाते उघडताना मनुष्य जिवंत समोर आहे हे सिद्ध करण्यासाठी फोनपुढे डोळ्यांची उघडझाप करावी लागे. आम्लहल्ल्यात डोळे गमावलेल्या स्त्रियांनी आणि एका दृष्टिहीन नागरिकाने याविरुद्ध दाद मागितली. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असे ठरवून ही पद्धत बदलण्याचे निर्देश दिले. तत्पूर्वीच, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या ४३ व्या कलमाने, रोजच्या वापराच्या वस्तू सर्वांस वापरता येतील अशा बनविण्यास शासनाने चालना द्यावी असे म्हटले आहे. कायद्यातील हे कलम मला फार आवडते, कारण त्यात ‘अंधांसाठी खास वस्तू’ असा शब्दप्रयोग नाही. प्रदर्शनात टाळ्या मिळविणाऱ्या महागड्या चष्म्यांपेक्षा कटकट वाजणारी एक खुंटी मला अधिक मोलाची वाटते. कोणास हे मत जुनाट वाटले तर वाटो.

माझ्या कामाशी निगडित असा एक अडथळा शेवटी सांगावयाचा आहे, आणि तो भाषेचा. महाराष्ट्रात वाचनाची भूक मोठी. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत सुरू केलेले ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक त्याची साक्ष आहे. पण ऐकून वाचणाऱ्यासाठी मराठी मजकूर कसा साठविला आहे यावर सारे अवलंबून. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांस शुद्ध मराठी दिसतो. संगणकाच्या लेखी मात्र ती इंग्रजी चिन्हांची भेळ असते, आणि वाचक-साधन ती तशीच अडखळत उच्चारते. कागदाचे नुसते छायाचित्र पाठविले तर तेही नाही, नुसती शांतता. युनिकोडमध्ये लिहिलेले तेवढे नीट वाचले जाते. तरीही आपली लिपी यंत्रास कोडी घालतेच: ‘जरा थांबा’मधील ज निराळा आणि ‘जरा-मरण’मधील निराळा, चार आणि चारा यांतील च निराळे. लिहिताना फरक नाही, ऐकताना आहे. चांगला मराठी आवाज घडवावयाचा तर हे जाणणारी मराठी माणसेच त्या कामास बसावी लागतील.

आमच्या सासूबाईंस काचबिंदू आहे. कडेचे दिसेनासे झाले आहे, मधले थोडे शाबूत आहे. गेल्या वर्षी घरात विजेची शेगडी आली, सपाट काळ्या काचेची, आणि त्या स्वयंपाकघरात जाईनाशा झाल्या. चाकसूहून परतल्यावर मी त्या काचेवर ‘बंद’च्या खुणेवर एक खड्याची टिकली लावली आणि ‘चालू’वर दुसरी, साधी. आठवड्याभरात त्यांनी पुन्हा चहा करावयास घेतला. पुसताना टिकली निघते. नवी आणावी लागते. ती लालच हवी, असा त्यांचा हट्ट आहे, कारण काळ्यावर लाल त्यांस अजून दिसते. आणि ती कोठे लावावयाची हे त्या आता मला सांगू देत नाहीत.