घसा बसला नव्हता

आठवीच्या वर्गात दर गुरुवारी मी मराठीचं प्रकट वाचन घेते. एका मुलीचा घसा नेमका गुरुवारीच बसायचा. “टीचर, आज आवाज नाही निघत.” मी म्हणायचे, “बैस बेटा, पुढच्या वेळी वाच.” तिच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसायची ती माझ्या ओळखीची होती. तसाच माझाही घसा कित्येक वर्षं बसत आला आहे.

माझं शिक्षण उर्दू माध्यमातलं. बी.एड.ला असताना एका मराठी शाळेत सराव पाठ घ्यायला गेले. फळ्यावर ‘कमळ’ लिहिलं आणि वाचलं ‘कमल’. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मग ‘बाण’चं ‘बान’ झालं आणि अख्खा वर्ग हसला. मागे बसून पाठ बघणारे सरही हसले. एवढंच घडलं. कुणी ओरडलं नाही, नापासही केलं नाही. पण तेव्हापासून बाहेरच्या मंचावर मराठीत बोलायचं म्हटलं की मी काहीतरी कारण काढते. आज मुलांकडून ‘ळ’ आणि ‘ण’ घोटून घेते, तरीही.

मेंदूत दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून त्याला हे नाव. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाचे फिटचे झटके थांबवण्यासाठी हा भाग दोन्हीकडून बराचसा काढला गेला. त्यानंतर नवे प्रसंग त्याच्या लक्षातच राहीनात. आठवणी साठवण्यात या भागाचं किती मोठं काम आहे, ते त्यातून कळलं.

पण हा भाग नुसता आठवणींची वही नाही. पुढे जावंसंही वाटतं आणि भीतीही वाटते, अशा ओढाताणीत ‘थांब’ म्हणणाऱ्या यंत्रणेत त्याचा वाटा असतो, असं जेफ्री ग्रे या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८२ च्या आपल्या पुस्तकात मांडलं. उंचावरच्या अधिक चिन्हासारख्या वाटेवर उंदीर सोडला, तर तो भिंती असलेल्या फाट्यांत जास्त वेळ राहतो आणि उघड्या फाट्यांवर जायला कचरतो. हिप्पोकॅम्पसचा खालचा भाग निकामी केलेले उंदीर मात्र उघड्यावर जास्त फिरतात, असं प्रयोगांत दिसलं आहे.

म्हणजे कचरणं हा काही दुबळेपणा नाही. मेंदू जुनी नोंद बघून सावध करतो. अडचण पुढे आहे. आपण टाळतो, लगेच बरं वाटतं, आणि ते बरं वाटणंच टाळण्याची सवय पक्की करतं. बी.एड.च्या पेपरात ‘ऋण प्रबलन’ यावर मी टीप लिहिली होती. ती आपल्याच घशाबद्दल आहे हे तेव्हा कळलं नव्हतं. टाळल्यामुळे ‘वाचलं आणि काही झालं नाही’ अशी नवी नोंद होतच नाही. जुनीच एकटी राहते.

म्हणून माझी माया त्या मुलीचं नुकसान करत होती. मग शाळा सुटल्यावर व्हरांड्यात मी तिला एकटीला वाचायला लावलं. आठवडाभरात छान वाचू लागली. गुरुवारी वर्गात उभी केली, तर पुन्हा आवाज बंद! आधी मी वैतागले. नंतर लक्षात आलं, भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी धीराची नवी आठवण उभी राहते. कुठे कोणती आठवण वर येईल, हे जागेवरही ठरतं, आणि जागेचा हिशेब पुन्हा हिप्पोकॅम्पसकडेच. व्हरांड्यातला धीर वर्गात आपोआप येत नाही, तो वर्गातही मिळवावा लागतो.

मग आधी दोन मैत्रिणींसमोर, मग रिकाम्या वर्गात, मग भरल्या वर्गात चार ओळी. सुरू करण्याआधी मी वर्गाला माझा ‘कमल’चा किस्सा सांगितला. मुलं हसली, मीही हसले. तिने चार ओळी वाचल्या. दोनदा अडखळली, पण खाली बसली नाही.

परवा मुख्याध्यापकांनी विचारलं, “मॅडम, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम बाहेर आहे. आपल्या शाळेकडून तुम्ही बोलाल?” घशापर्यंत कारण आलं होतं. मी म्हटलं, “बोलेन, इन्शाअल्लाह.” घरी आल्यापासून पोटात गोळा आहे. पण नाव दिलंय.