फ्लॅनेलचा फळा

आमची उर्दू शाळा सातवीपर्यंतच. सातवीनंतर काही मुली मराठी शाळेत जातात, काही घरी बसतात. म्हणून यंदाच्या अकरा मुलींचे नीट फोटो काढावेत असे मनात होते. लग्नाचे फोटो काढणारा एक ओळखीचा मुलगा पैसे न घेता यायला तयार झाला. पण त्याने एक अट घातली, "टीचर, आधी मूडबोर्ड करा."

हा काय प्रकार, मी विचारले. तो म्हणाला, कसे फोटो हवेत, कोणते रंग, कोणते कपडे, सकाळचे ऊन की संध्याकाळचे, हे सगळे कात्रणे लावून एका ठिकाणी मांडायचे. मग ऐन वेळी वाद होत नाहीत.

मला हसू आले. बी.एड.ला सराव पाठांसाठी आम्ही दुसरे काय करत होतो? प्लायवूडवर ताणलेले फ्लॅनेलचे कापड, चित्रांच्या पाठीला डकवलेला पॉलिशपेपर. चित्र हवे तिथे लावा, नको तर काढा. माझा तो फळा अजून कपाटामागे होता. धूळ झटकून वर्गात आणला.

मुलींनी आठवडाभर त्यावर काय काय आणून लावले! ओढणीचे तुकडे, मेंदीच्या कोनाचे वेष्टन, द्राक्षांच्या पेटीतला रंगीत कागद, सिनेनट्यांची कात्रणे. नट्या मी राहू दिल्या. सावित्रीबाईंसोबत फातिमा शेख म्हणून ओळखला जातो तो जुना, पुसट फोटो मी स्वतः मधोमध लावला. १० ऑक्टोबर १८५६ च्या सावित्रीबाईंच्या पत्रात फातिमाचे नाव येते, तेही मुलींना सांगितले.

बोरी बुद्रुकहून एसटीने येणारी एक मुलगी आहे. तिने प्लास्टिकच्या पिशवीत पांढुरकी राख आणली. दादी भांडी घासायला डब्यात ठेवायची म्हणे. दादी गेली, डबा राहिला. ही राख चुलीतली नव्हे. कुकडीच्या काठी तिचे थर आहेत. हजारो कोस दूर सुमात्रा बेटावरचा टोबा ज्वालामुखी फुटला, तेव्हा उडालेली ती राख. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना १९८० च्या दशकात तिथे अश्मयुगातल्या माणसाची दगडी हत्यारे सापडली. राखेच्या वयावरून मात्र विद्वानांत वाद आहे. कोणी पाऊण लाख वर्षे म्हणतात, कोणी आठ लाख, कोणी चौदा लाखही म्हणाले. मुलींना वादाशी देणेघेणे नव्हते. फोटो बोरीच्या नदीवर काढायचे, हे तिथेच ठरून गेले.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलीचे अब्बा शाळेत आले. दारातच उभे राहिले. "फोटो निकालो टीचर, लेकिन चेहरा नको. मोबाइलपर कहाँ कहाँ जाता है, आपको मालूम है."

मला राग आला, खोटे कशाला बोलू. २००१ साली मी सातवीत होते. वर्गाच्या फोटोच्या दिवशी अब्बांनी मला घरी ठेवले. फोटोखाली नावांच्या ओळीत माझे नाव आहे, ओळीत मी नाही. पण या माणसाने मुलीला घरी ठेवतो असे म्हटले नव्हते. त्याची भीतीही अगदीच खोटी नव्हती.

फळ्याचा फायदा असा की चिकटवलेले काही नसते. नट्या उतरल्या. त्यांच्या जागी हात आले, पाठमोऱ्या आकृत्या, वाळूवरच्या सावल्या. एकीचा चेहरा नाही तर कोणाचाच नको, हे मुलींनीच ठरवले. फातिमाबींचा फोटो काढायला मी हात पुढे केला तर ती बोरीची मुलगी म्हणाली, "रहने दो ना टीचर. उनके अब्बाने हाँ बोला था क्या?"

मी म्हटले, "अब्बांचे सोड. भाऊ उस्मान शेख यांनी ज्योतिबा-सावित्रीबाईंना स्वतःच्या घरात जागा दिली होती." एवढ्याने तिचे समाधान झाले नाही. फोटो राहिला.

फोटोवाल्याने फळा बघितला आणि दोन दुरुस्त्या सुचवल्या. राख पांढरी, भर उन्हात फोटोत नुसता पांढरा डाग येईल, म्हणून नऊच्या आत पोचायचे. आणि मागे काळी ओढणी धरायची.

रविवारी सकाळी आम्ही कुकडीवर होतो. अब्बा मोटारसायकल लावून लांब उभे. मुलीने दादीच्या डब्यातली राख ओंजळीत घेतली. वारा आला, थोडी उडाली, बोटांच्या रेषांत बाकी राहिली. तेवढ्यात फोटो निघाला.

काम संपल्यावर अब्बा जवळ आले. "दिखाव." फोटोवाल्याने कॅमेरा पुढे धरला. ते वाकून बराच वेळ बघत राहिले. मग मुलीकडे न बघताच म्हणाले, "अम्मी का हात है ये."