मशीनवरची वाकळ



कुणी गोधडी म्हणतं, कुणी वाकळ. कन्नडमध्ये ती कौदी, आणि आमच्या भागातल्या सिद्दी बायका तिला कवंदी म्हणतात. जोयडा तालुक्यात ही चारही नावं कानावर पडतात. नाव कुठलंही असो, वाकळ म्हणजे हाताचं काम, हे सगळ्यांनी धरून चाललेलं. आज मी लिहिणार आहे ती घरच्या शिलाई मशीनवर केलेल्या वाकळीबद्दल. आमच्या घरात त्यावरून बरंच बोलणं झालं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही रामनगरचे. बेळगावहून गोव्याला जाताना पुष्कळांनी हे गाव बसच्या खिडकीतून पाहिलं असेल. आमच्यासारखी कितीतरी घरं मूळची जुन्या सुप्याची. गणेशगुडीजवळ काळी नदीवर धरण झालं, सुपा पाण्याखाली गेलं, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली आणि आमच्या लोकांनी इकडं नव्यानं चुली मांडल्या. धरण 1987 साली पुरं झालं, पण घरं त्याच्या आधीच उठली होती. माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांनी सुप्याहून निघताना एक पत्र्याची ट्रंक आणली. तिच्यात त्यांच्या आईची चार लुगडी होती. घरात मूल जन्मलं की त्यातलं कापड काढून आत्या वाकळ शिवायच्या. दोन लुगडी अशी संपली, दोन राहिली.

माझ्या मुलीला दिवस गेले तेव्हा ती पुण्यात होती. फोनवर तिनं आधी काय विचारलं असेल? "आजी वाकळ शिवणार ना?" आत्या हो म्हणाल्या, पण त्यांची बोटं संधिवातानं आखडलेली. दोरा मी ओवून दिला तरी सुई धरवेना. मी दिवसभर ब्लाउज, फॉल-पिको अशी गिऱ्हाइकांची कामं करते. एक वाकळ हातानं पुरी करायची तर माझ्या सवडीनं चार-पाच महिने सहज जातात. मुलीला सातवा लागला होता.

म्हणून मी मशीनचा विचार केला. मशीनवर वाकळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर सरळ उभ्याआडव्या रेघा येतात. मला तसं नको होतं. हातात वळणं असतात तशी मशीनवर काढायची होती. मोबाईलवर याला फ्री मोशन क्विल्टिंग म्हणतात. नाव नवीन वाटलं तरी आपल्यातल्या पुष्कळ जणींना ते येत असेल. लग्नाआधी मी खानापूरला मशीन एम्ब्रॉयडरीच्या क्लासला जात होते. तिथं फूट काढून टाकायचा, कापड रिंगमध्ये ताणायचं आणि रिंग हातानं फिरवत उशीच्या अभ्र्यावर पानंफुलं काढायची. मूळ विद्या तीच. फक्त एका पदराऐवजी तीन पदर, आणि रिंग नाही.

आता मशीन काय करते ते सांगते. सुईखालच्या पट्टीत बारीक दात असतात. ते वर येऊन कापड धरतात आणि टाक्यागणिक पुढं ढकलतात. म्हणून नेहमीचा टाका एकसारखा पडतो. हे दात खाली केले की मशीन फक्त सुई वरखाली करते, कापड जागचं हलत नाही. ते आपण हलवायचं. काही मशीनना दात खाली करायची खिटी असते. माझ्या पायाच्या जुन्या मशीनला नव्हती, म्हणून टाक्याची लांबी शून्यावर आणली आणि सुईपुरतं भोक पाडलेलं जाड कार्ड दातांवर चिकटवलं. नेहमीचा फूट काढून एम्ब्रॉयडरीचा स्प्रिंगवाला बसवला. सुई सोळा नंबरची, दोरा सुती.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी तीन गोष्टी. एक, फूट खाली केल्याशिवाय सुरुवात करू नका. तो कापडाला नीट टेकलेला दिसत नाही, पण दांडी खाली असेल तरच वरच्या दोऱ्याला ताण बसतो, नाहीतर खाली दोऱ्याचं जाळं होतं. दोन, पहिला टाका घालून बॉबिनचा दोरा वर ओढून घ्या आणि दोन्ही दोरे धरून चार टाके जाऊ द्या. तीन, पाय आणि हात यांचा मेळ. पाय जलद आणि हात सावकाश असेल तर टाके मुंगीसारखे बारीक पडतात. हात जलद झाला तर लांबलचक. याला सरावच लागतो. मी रोज रात्री जुन्या चादरीच्या तुकड्यांवर अर्धा तास, असा महिना घालवला. त्याआधी पाटीवर खडूनं वळणं गिरवायची, हात न उचलता, रेघ रेघेला न छेदता. रांगोळीचा हात असेल तर हे लवकर येतं. बोटं कापडावरून घसरू नयेत म्हणून नोटा मोजायच्या रबरी टोप्या बोटांत घातल्या.

इतका सराव का, तर ट्रंकेतलं कापड. पन्नास-साठ वर्षांचं सुती लुगडं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. हाताचा टाका चुकला तर उसवता येतो. मशीनची शिवण उसवली की अशा कापडावर भोकांची रांग राहते आणि तिथंच ते फाटतं. दुसरं तसं कापड आणायचं कुठून?

पण आत्यांचा आक्षेप वेगळाच होता. माझा सरावाचा तुकडा त्यांनी हातात घेतला, दुमडला, गालाला लावला आणि परत दिला. "टोचती गं. बाळाला वाकळ पायजे, सतरंजी न्हवं."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. महिनाभराची मेहनत होती. पण नीट पाहिलं तर त्यांचं खरं होतं. हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा खालीवर जातो, मध्ये मोकळा श्वास राहतो. मशीनचा टाका दोन दोऱ्यांची गाठ असते, आणि मी वळणं बोटाबोटाच्या अंतरावर काढली होती. वळणं जितकी दाट, तितकं कापड ताठ.

हा वाद जगात सगळीकडे झालेला आहे, हे मला नंतर कळलं. अमेरिकेतही मशीनच्या टाक्याला क्विल्टवाल्या बायका कमी लेखायच्या. 1989 साली केंटकी राज्यातल्या पडुका इथल्या मोठ्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या संपूर्ण मशीनवर शिवलेल्या क्विल्टला पहिल्यांदा सर्वोच्च बक्षीस मिळालं. तेव्हाही हे हाताचं काम का, असं लोकांनी विचारलंच. मी हे आत्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बक्षीस भिंतीवरच्याला मिळालं असंल. आपली अंगावर घ्यायची हाय."

मग त्यांनीच उपाय सांगितला. "चार बोटं सोड की मधी." मी वळणं चार बोटांच्या अंतरावर नेली, वरचा ताण थोडा सैल केला, तुकडा दोनदा धुऊन वाळवला. या वेळी त्यांनी तो परत दिला नाही, मांडीवरच ठेवला.

पुढचा वाद कडेचा. आत्या म्हणाल्या, आधी कडा शिव, मग आत ये. सिद्दी बायकांची कवंदीही तशीच असते. कडेपासून सुरुवात करून तुकडे लावत लावत, फेऱ्या घालत मध्यापर्यंत. मशीनचा नियम नेमका उलटा, मध्यापासून कडेकडे. दोघींपैकी चूक कोणीच नव्हतं. हातानं शिवताना तुकडा जागेवर लागला की लगेच टाका पडतो, म्हणून कापड गोळा होत नाही. मशीनवर तीनही पदर आधीच अंथरलेले असतात. कडेनं सुरुवात केली तर सगळ्या सुरकुत्या मध्यात येऊन अडकतात. बाहेरच्या बाजूला गेलं की त्या कडेनं निघून जातात.

शेवटी असं ठरलं, की तुकडे आत्यांनी मांडायचे. सुई धरवत नसली तरी कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग, हे त्या बोट ठेवून सांगत. मी ते कच्च्या टाक्यानं टाचून घेतले. मग मध्यापासून मशीन. घरच्या मशीनच्या मानेखाली जागा थोडी असते, कापडाची गुंडाळी करून आत सारावी लागते. आमची वाकळ एक मीटर बाय सव्वा मीटरची, तरी तिचं वजन सुईला ओढायचं. म्हणून आत्या समोर खुर्ची घेऊन बसायच्या आणि गुंडाळी हातांवर तोलून धरायच्या. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. पायाची मशीन असल्यामुळं उजेड असेपर्यंत आमचं काम चालायचं. नऊ दिवसांत मशीनचं काम झालं. कडा मी हातानं घातल्या आणि चार कोपऱ्यांना घडीची चार फुलं लावली. ही फुलं सिद्दी बायकांची. सुप्याला असताना शेजारच्या एका सिद्दी बाईकडून आत्यांनी ती उचलली, तेव्हापासून आमच्या वाकळीला फुलं असतातच.

नात झाली. वाकळ पुण्याला गेली आणि मुलीनं ती सरळ वॉशिंग मशीनमध्ये टाकली. ऐकून माझ्या पोटात गोळा आला, पण एकही टाका सुटला नाही. हाताचे सुटे धावदोरे असते तर मला एवढा भरवसा वाटला नसता. आत्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "मऊ झाली का?" झाली होती.

वाकळ हाताची की मशीनची, असं आता कुणी विचारलं तर मी म्हणते, दात खाली केल्यावर मशीन कापड ढकलत नाही. ढकलतो तो हातच. पण किती जागा सोडायची हे मला मशीननं शिकवलं नाही, आत्यांनी शिकवलं. त्यांची बोटं चालत नव्हती, तरी वाकळ त्यांचीच झाली असं मला वाटतं.

ट्रंकेत आता एक लुगडं आहे. धाकट्याचं लग्न व्हायचंय. आत्या सध्या मला रंगांची मांडणी शिकवतायत, कारण ती अजून मला येत नाही.

तुमच्या घरात कुणाच्या हाताची वाकळ असेल आणि ती व्यक्ती अजून सांगू शकत असेल, तर शिवण नंतर शिका. कापडाला हात लावून काय बघतात, ते आधी विचारून घ्या.