पडलेल्या गावाचा पाहुणा

मेळघाटातल्या धारणीच्या माणसाला समुद्राचं वादळ माहीत असायचं काही कारण नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे सिपना, गडगा, आणि उत्तरेला मध्य प्रदेशाच्या हद्दीवरून वाहणारी तापी. वादळ म्हणजे मे महिन्यातली वावटळ. दोनचार घरांवरचे पत्रे नेते, आंबे झाडते, आणि संध्याकाळपर्यंत विसरली जाते. त्यामुळे ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा आम्ही ते टीव्हीवर पाहिलं, जसं परदेशातलं काही पाहावं तसं. ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरचा वारा म्हणजे काय, हे सागाच्या जंगलात राहणाऱ्याला आकड्यावरून कळत नाही. ते कळलं पुढच्या जानेवारीत, कोकणातल्या दिवेआगरच्या एका वाडीत उभं राहिल्यावर.

जायचं ठरलं तेव्हा शेजारच्या आजोबांनी सरळ विचारलं होतं, “लोकाईचे घरं पडले, अन् तुमी तिथी फिराले चालले?” प्रश्न योग्यच होता. टाळेबंदीत सगळेच घरात कोंडले होते, शाळा बंद होत्या, आणि आमची मुलं समुद्र पाहायला केव्हाची हटून बसली होती. तरीही ज्या गावाची छपरं उडालीत, तिथे आपण पोहण्याचे कपडे घेऊन जायचं, हे मनाला बोचत होतं. ज्या घरी राहायचं होतं तिथे फोन केला. पलीकडच्या बाईंनी माझं सगळं संकोचाचं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “अहो, तुम्ही सगळे असाच विचार करत बसलात तर आम्ही खायचं काय?”

बडनेऱ्याहून रेल्वे, मग पनवेल, माणगाव, म्हसळा. म्हसळ्यापासून पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोडलेली झाडं दिसू लागली. सात महिने झाले होते, रस्ते केव्हाच मोकळे झाले होते, विजेचे खांब नवे होते. (त्या भागात कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले होते. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते तेव्हा आम्ही चार दिवसांत कंपनीच्या नावानं बोटं मोडायला लागतो.) नव्या निळ्या पत्र्यांची छपरं, मध्येच एखादं कौलारू, मध्येच नुसत्या भिंती. समुद्राकाठचं सुरूचं बन विरळ झालं होतं. मुलांना त्याचं काही नव्हतं. त्यांना वाळू दिसली आणि ती धावली.

वाडी मात्र मी सावकाश पाहिली, कारण फोनवरच्या त्या बाईंनी, म्हणजे आमच्या यजमान काकूंनी, ती सावकाश दाखवली. श्रीवर्धनी रोठा सुपारी नावाजलेली, आणि त्या सगळ्या पट्ट्यात घरामागची वाडी म्हणजे बँकेतली ठेव. वर नारळ, त्याच्या सावलीत सुपारी, सुपारीच्या खोडावर मिऱ्याचा वेल, मध्ये एखादं जायफळ, खाली अळू आणि केळी. एकमेकांच्या आधारानं उभी असलेली ही उतरंड वाऱ्यानं दोन-तीन तासांत आडवी केली. सुपारीचं झाड सडपातळ; ते मधूनच काडकन मोडतं. नारळ मुळासकट येतो, आणि येताना खालच्या चार सुपाऱ्या घेऊन येतो. आता खरी अडचण पुढेच होती. सुपारीचं रोप कोवळं असताना त्याला ऊन सोसत नाही, आणि सावली द्यायला वर नारळच उरला नव्हता. म्हणून आधी केळी लावायची, केळीच्या सावलीत सुपारी वाढवायची, आणि ती फळाला येईपर्यंत सहा-सात वर्षं थांबायचं. नुकसानभरपाई आधी हेक्टरच्या हिशेबानं जाहीर झाली होती. इथे वाडी मोजायची ती गुंठ्यात. दहा-पंधरा गुंठ्यांच्या वाडीला हेक्टरच्या दरानं जे मिळतं, त्यात पडलेली झाडं उचलायची मजुरीसुद्धा निघत नाही. म्हणून दर झाडामागे मदत द्या अशी मागणी झाली, आणि ती पुढे मान्यही झाली. पण काकूंचा मुद्दा त्याच्याही पुढचा होता. पैसा एकदाच मिळणार, वाडी दरवर्षी द्यायची. मधली सहा-सात वर्षं घर चालवणार कोण? तर माडीवरच्या दोन खोल्या. म्हणजे आम्ही.

दिवेआगरला पाहुण्याची किंमत आधीपासून ठाऊक आहे. १९९७ साली तिथल्या एका वाडीत जमिनीखाली तांब्याची पेटी सापडली, तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा. त्यानंतर गावाकडे लोकांची रीघ लागली आणि घराघरांतून राहण्या-जेवणाची सोय झाली. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन पहारेकरी जिवानिशी गेले, मुखवटा गेला, आणि त्याच्या मागे पाहुणेही ओसरले. आम्ही गेलो तेव्हा मुखवटा परत आलेला नव्हता. तो नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा बसवला गेला. देव गेला, मग रोगाची साथ आली, मग वाऱ्यानं झाडं नेली. आणि या सगळ्यात काकू सकाळी घावन आणि संध्याकाळी मोदक करत होत्या, कारण मोदक खाणारा येतो आहे तोवर चूल चालते. त्यांना सगळ्यात राग कशाचा होता? वादळाचा नव्हता. फोनवर “आता तिथं पाहण्यासारखं काय उरलंय, मग दर कमी केला असेल ना?” असं विचारणाऱ्यांचा होता. “छप्पर आम्ही दुप्पट भावानं पत्रे आणून घातलं,” त्या म्हणाल्या, “आणि ह्यांना खोली अर्ध्या भावात हवी.”

त्यांचा पुतण्या त्या वेळी घरी होता. तो क्रूझवर स्वयंपाकघरात कामाला. गोव्यातली आणि कोकणातली कितीतरी मुलं अशी बोटीवर जातात. मार्च २०२० पासून जगभरची जहाजं नांगर टाकून पडली होती, म्हणून हा वाडीत खड्डे खणत होता. त्यानं कॅरेबियन बेटांची गोष्ट सांगितली, आणि मला वाटतं, माझ्या मनातला गुंता त्यामुळेच थोडा सुटला.

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये तिकडे ‘इर्मा’ आणि ‘मारिया’ ही दोन हरिकेन पंधरवड्याच्या आत आली. बार्बुडा बेट तर इर्मानं असं धुतलं की सगळी वस्ती शेजारच्या अँटिग्वावर हलवावी लागली. मारियानं डॉमिनिका झोडपलं, मग पोर्टो रिको. नोव्हेंबरमध्ये जहाजं वादळानं झोडपलेल्या सेंट थॉमस बेटाला परत जाऊ लागली. पुतण्या त्या पहिल्या हिवाळ्यातच तिथे गेला होता. डोंगरावरच्या घरांवर निळ्या ताडपत्र्या, झाडांना पानं नाहीत, आणि बंदरात मात्र उघड्या टपाच्या गाड्या ओळीनं उभ्या. तिथे त्यांना सफारीच म्हणतात. (आमच्या सेमाडोहला जिप्सी उभ्या असतात, तशाच की.) प्रवाशांपैकी काहीजण संकोचानं जहाजातच बसून राहिले. गाडीवाले खालून हात करून बोलवत होते. त्यांचं म्हणणं काकूंसारखंच : उतरा, फिरा, काहीतरी विकत घ्या.

पण त्यानं दुसरी बाजूही सांगितली, स्वयंपाकघरातून दिसणारी. दोन-तीन हजार माणसं सकाळी उतरतात आणि दुपारी चारला परत चढतात. जेवणाचे पैसे आधीच भरलेले असतात, म्हणून नाश्ता जहाजावर आणि रात्रीचं जेवणही जहाजावरच. झोपायला जहाज. बेटाच्या वाट्याला काय, तर बंदराचा कर, गाडीभाडं, एखादी टोपी. खानावळवाल्याला फारसं काही नाही, खोलीवाल्याला काहीच नाही. याचं टोक मी पुढे वाचलं. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला, राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स जमीनदोस्त झाली, आणि तीन दिवसांनी एक अजस्र प्रवासी जहाज त्याच देशाच्या उत्तर टोकाला, लाबादी नावाच्या कुंपण घातलेल्या खासगी किनाऱ्यावर लागलं. प्रवासी पोहले, त्यांचं खाऊन-पिऊन झालं. जगभर संताप उसळला. कंपनीचं उत्तर होतं की आम्ही त्याच जहाजातून मदतीचं सामान नेलं आणि तिथली कमाई मदतीला दिली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरी माझ्या मनाला त्यात खुपतं ते पोहणं नाही. खुपतं ते कुंपण. ज्या पाहुण्याला गाव दिसूच नये अशी व्यवस्था केलेली असते, त्याचा पैसाही गावाला नीटसा दिसत नाही.

मारियानं झोडपलेल्या त्या डॉमिनिकाची एक गोष्ट क्रिकेट पाहणाऱ्यांना आठवेल. रोझो गावातलं विंडसर पार्क. मे २०१७ मध्ये तिथे पाकिस्तानविरुद्धची कसोटी झाली, मिस्बाह आणि युनिस खान यांची शेवटची. चार महिन्यांत मारिया आलं आणि मैदानाची दशा झाली. त्यानंतरची कसोटी जुलै २०२३ मध्ये भारताशी. तीत आपल्या मुंबईच्या यशस्वी जयस्वालनं पदार्पणातच १७१ धावा केल्या. त्या शतकाचं कौतुक आपण पुष्कळ केलं. त्या गावात पुन्हा कसोटी व्हायला सहा वर्षं गेली होती, हे मात्र समालोचन ऐकताना कुणाच्या मनातही आलं नसेल. सुपारीला लागतात तितकीच, असं आपलं मला वाटून गेलं.

दिवेआगरला पहिल्याच रात्री काकूंनी विचारलं होतं, “धारणी म्हणजे ते कुपोषणवालं मेळघाट ना?” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? राज्यात कुठेही गेलं तरी आमच्या तालुक्याची ओळख हीच. १९९३ मध्ये इथले बालमृत्यू वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि तेव्हापासून आमच्याकडेही पाहुणे येतात. त्याआधीपासून, १९७४ साली व्याघ्रप्रकल्प झाल्यापासून, वाघ पाहणारे येत होतेच. एकाला वाघ हवा, दुसऱ्याला हडकुळं पोर; कॅमेरा दोघांच्याही गळ्यात. गाड्या सकाळी परतवाड्याहून निघतात, घाट चढतात, एखाद्या कोरकू पाड्यावर थांबतात. कुणीतरी पोराचा दंड मोजतं, कुणीतरी आईला रांगेत उभं करतं, बिस्किटांचे पुडे वाटले जातात आणि अंधार पडायच्या आत गाड्या परत. धारणीत मुक्काम नाही, इथल्या खानावळीत जेवण नाही. जहाजच ते, फक्त चार चाकांचं.

या पाहुण्यांमुळे काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. बातम्या आल्या नसत्या तर डॉक्टर आले नसते, रस्तेही आले नसते. पण ज्यांच्यामुळे इथे खरंच फरक पडला ती माणसं वेगळी. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे येऊन राहिले, तिथेच संसार केला, शेती केली. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा तालुक्यानं ती आपल्या घरातली मानली. उतावलीला डॉ. आशिष सातव यांचं रुग्णालय उभं राहिलं. हे लोक पाहुणे उरलेच नाहीत. प्रत्येकानं असं आयुष्य इथे आणून ओतावं, अशी अपेक्षा करणं मूर्खपणाचं आहे. मी बोलतोय ते दोन दिवसांच्या माणसाबद्दल. त्याच्याकडून काय अपेक्षा करायची?

माझं उत्तर थोडं रोकडं आहे. त्यानं यावं. कणव घेऊन आला नाही तरी चालेल, पाकीट घेऊन यावं. ज्याच्या घरी संकट आलं त्याच्या ओसरीवर बसून त्याच्या हातचं खावं आणि सांगेल तो दाम द्यावा. त्याला सांगावंसं वाटलं तर ऐकावं. नाही तर समुद्राबद्दल, पोरांच्या लग्नाबद्दल बोलावं. दया दाखवणाऱ्यापुढे माणसाला सारखं पडलेलंच राहावं लागतं. गिऱ्हाइकापुढे तो यजमान असतो, आणि आज मासळी चांगली नाही, भाजी खा, असं हक्कानं सांगू शकतो. काकूंनी आम्हाला तसंच सांगितलं होतं. शेजारच्या आजोबांना परत आल्यावर मी हेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सुपारीचं एक खांड तोंडात टाकलं आणि म्हणाले, “मंग आपल्याकडं कोनी राहाले काऊन येत नाही?”

त्याला कारण बातमीची रीत आहे. कुठलीही बातमी पडण्याची होते, उभं राहण्याची होत नाही. २०१७ मध्ये मोजक्या बेटांवर हरिकेन आलं, पण बार्बाडोस, जमैकासारख्या, ज्यांचं पानही हललं नव्हतं त्या बेटांनाही आम्ही उघडे आहोत हे ओरडून सांगावं लागलं. कोकणात नुकसान मुख्यतः रायगड आणि उत्तर रत्नागिरीत झालं. बाहेरच्या माणसाच्या लेखी सगळं कोकण झोपलं होतं. मेळघाटही तीस वर्षांपूर्वीच्या एका छायाचित्रात अडकून पडला आहे. अडचणी संपल्या असं नाही. अजूनही पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गावं तुटतात, अजूनही होळी झाली की माणसं कामाला बाहेर जातात. पण त्याच मेळघाटात होळीचा फगवा आहे, दिवाळीनंतरचा थाट्यांचा, म्हणजे गुराख्यांचा, बाजार आहे, आणि चिखलदऱ्याला धुकं पाहून परत फिरणाऱ्या हजारो गाड्यांपैकी फारच थोड्या घाटाखाली हरिसाल-धारणीकडे वळतात.

तेव्हा पुढच्या वेळी याल तर सेमाडोहवरून माघारी फिरू नका. धारणीत एक मुक्काम करा, आठवडी बाजारातून कुटकी आणि मोहाची फुलं घ्या, आणि पोरांचे फोटो काढू नका. कोकणात जाणार असाल तर दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरला एखाद्या घरी राहा आणि खोलीच्या भाड्यात घासाघीस करू नका. वादळानंतर तिथे लावलेली सुपारी आता कुठे फळाला येऊ लागली आहे.