चौदाशे ग्रॅमचा धडा

मोठ्या माणसाच्या मेंदूचे वजन १३०० ते १४०० ग्रॅम भरते. अंगाच्या वजनात हा वाटा जेमतेम दोन टक्के. पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के मेंदू एकटा वापरतो, आणि झोपेतही हा खर्च थांबत नाही. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात हा अवयव काही पानांत आटोपतो. प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ ही नावे पाठ होतात, आकृतीला बाण लागतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडात शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा हा धडा मात्र वर्गात संपत नाही. तो घरी येतो, ओसरीवर बसतो, वावरात जातो. आणि ओळखीच्या माणसांविषयी करून ठेवलेली मते एकेक करून पुन्हा तपासायला लावतो.

सर्वांत मोठा भाग प्रमस्तिष्काचा. त्याचा बाहेरचा थर दोन ते चार मिलिमीटर जाडीचा, पण पसरला तर कवटीत मावणार नाही एवढा. म्हणून नऊवारी लुगडे लहान पेटीत कोंबावे तसा तो वळ्या घालून बसलेला असतो. त्याचा डावा अर्धा अंगाची उजवी बाजू हलवतो आणि उजवा अर्धा डावी. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका या डॉक्टरने एका मृत रुग्णाचा मेंदू तपासला. हा माणूस कित्येक वर्षे ‘टॅन’ एवढाच उच्चार करू शके. दुसऱ्याचे बोलणे मात्र त्याला समजे. इजा सापडली ती डाव्या बाजूच्या पुढच्या भागात. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी, बोललेले समजून घेण्याशी निगडित जागा वेगळी आणि मागच्या बाजूला असल्याचे मांडले. लकवा मारलेला म्हातारा ओसरीवर बसलेला असतो. उजवा हात लुळा, तोंडी एखाददुसरा शब्द. त्याला आता काही कळत नाही असे धरून घरची माणसे त्याच्यादेखत दवाखान्याच्या खर्चाचे आणि वावराच्या वाटणीचे बोलत राहतात. बोलता न येणे म्हणजे न कळणे नव्हे, हे धडा शिकलेल्या नातवाला ठाऊक असते. ती बोलणी आतल्या खोलीत करा, असे सांगण्याइतके बळ त्याला या ज्ञानातून मिळावे.

मेंदूच्या मागच्या बाजूला, खाली, अनुमस्तिष्क असते. तोल सांभाळणे आणि हालचाली नेमक्या करणे हे त्याचे काम. पावसाने निसरड्या झालेल्या धुऱ्यावरून डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालणारी बाई, पानमळ्यात वेल आधाराला बांधत जाणारी बोटे, सरळ तास धरणारा हात, या सगळ्यांमागे ते असते. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के या लहानशा भागातच दाटलेल्या आहेत. अंगमेहनतीला डोके लागत नाही, हे मत या एका आकड्यापुढे टिकत नाही. अनुमस्तिष्काखालचे मस्तिष्कपुच्छ श्वास आणि हृदयाचे ठोके पाहते. कोणाच्या सांगण्याची ते वाट बघत नाही.

चेतापेशीला चेतापेशी सहसा चिकटलेली नसते. मध्ये सूक्ष्म फट असते. विजेच्या रूपात आलेला संदेश बहुधा तिथे रसायनाच्या रूपाने पलीकडे जातो. अॅसिटिलकोलिन हे त्यातले एक रसायन. काम झाले की एक विकर ते लगेच तोडून टाकते आणि फट पुढच्या संदेशासाठी मोकळी होते. पऱ्हाटीवर वर्षानुवर्षे मारल्या गेलेल्या मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांचा घाला नेमका या विकरावर असतो. रसायन साचते, संदेश थांबतच नाहीत, कीड मरते. फवारणाऱ्याच्या अंगातले विकरही तसेच असते. म्हणून डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, लाळ आणि घाम सुटतो, स्नायू फडफडतात, श्वास अडतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कितीतरी शेतकरी आणि मजूर दगावले. अशा विषबाधेत दिले जाणारे अॅट्रोपिन हे द्रव्य धुऱ्यावरच्या धोतऱ्यातही असते. पण त्याची मात्रा ठरवणे डॉक्टरांचे काम, धोतरा स्वतः विषारीच. फवारणी करून चक्कर आलेल्या मजुराला उन्हाने झाले असेल म्हणून सावलीत बसवून ठेवणे किती महाग पडू शकते, हे त्या सूक्ष्म फटीच्या आकृतीवरून कळते.

आठवण कशी टिकते, हा विद्यार्थ्याच्या सर्वांत जवळचा भाग. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाचे फेफरे थांबवण्यासाठी मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा बराचसा हिस्सा आणि आसपासचा भाग शस्त्रक्रियेने काढण्यात आला. त्याच्या जुन्या आठवणी बऱ्याच राहिल्या, हाताला नवी कौशल्येही शिकता आली. पण नव्या घटना स्मरणात राहीनाशा झाल्या. दिवसा शिकलेले पक्के होण्यात झोपेचा मोठा हात असतो, हेही नंतरच्या अभ्यासांतून दिसले. रब्बीत शेतीपंपाला रात्रीची लाईन असली की बापासोबत ओलिताला जागलेला मुलगा सकाळी वर्गात पेंगतो. त्याला ढ किंवा आळशी ठरवायला अर्धे मिनिट पुरते. त्याच्या मेंदूला कालचा धडा मुरवायला रात्रच मिळाली नाही, हे कळायला मेंदूचा धडा लागतो.

फिट येणे म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या विद्युत लहरींचा तात्पुरता गोंधळ. या लहरी कवटीवरून नोंदवण्याची रीत जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. तरीही चप्पल आणि कांदा हुंगवणे अजून सुटलेले नाही. फिट बहुधा काही मिनिटांत आपोआप थांबते, त्यामुळे श्रेय कांद्याला जाते. खरे करायचे ते थोडके आहे: माणसाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, दाबून धरू नये; पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर दवाखाना गाठावा. नियमित औषधाने दहातल्या सात जणांच्या फिट थांबू शकतात. हे ठाऊक असलेल्या घरात मुलीचा आजार लग्नासाठी लपवला जाऊ नये आणि तिच्या गोळ्या बंद होऊ नयेत.

मेंदू समजला म्हणून प्रत्येक वागणुकीला माफी मिळत नाही. दारू पिऊन मारहाण करणाऱ्याला धड्यातले कोणतेही पान वाचवत नाही. पण दोष देण्याआधी कारण शोधण्याची सवय लागली, तर धडा शिकला असे म्हणता येते. त्यातले एक कलम तर पाठच असावे. तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात गळाला, बोलणे अडखळले, तर तो लकवा समजावा, घड्याळ पाहावे आणि १०८ ला फोन करावा. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. हिवरखेडाहून अकोट-अकोल्याचा रस्ता आणि सीटी स्कॅनचा वेळ त्या साडेचार तासांतच धरायचा असतो.